प्रदत्त मत : मोजले जात नाही, तरी वाया जात नाही

मतदान केंद्रावर गेल्यावर आपल्या नावाने अगोदरच कोणी मत देऊन गेल्याचे कळले, तर पुष्कळ मतदार खिन्न मनाने घरी परततात. असे परतणे योग्य नव्हे. लोकसभा व विधानसभा निवडणुकांसाठी १९६१ साली जे नियम करण्यात आले, त्यांत अशा मतदाराचा हक्क राखून ठेवलेला आहे.

मतदाराने केंद्राध्यक्षांस भेटून आपली ओळख पटवून द्यावी. त्यांची खात्री झाल्यावर त्याला मतदानयंत्रावर नव्हे, तर छापील मतपत्रिकेवर मत देता येते. तिच्या पाठीमागे केंद्राध्यक्ष स्वहस्ते शेरा लिहून सही करतात. मतदाराची नोंद वेगळ्या यादीत होते व तेथे त्याची सही किंवा अंगठा घेतला जातो. गुप्तपणे खूण करून घडी घातलेली ही मतपत्रिका खास पाकिटात ठेवतात. हेच 'प्रदत्त मत' होय.

मतमोजणीच्या दिवशी हे पाकीट उघडले जात नाही. मात्र अशा किती मतपत्रिका दिल्या, हा आकडा केंद्राच्या हिशेबपत्रकात लिहिलेला असतो व त्या पत्रकाची प्रत उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना मिळते.

मग उपयोग काय, असे कोणी विचारील. एका नावावर दोन मते पडली असता खरे कोणाचे, याची चौकशी मोजणीच्या टेबलावर होऊ शकत नाही. ते काम न्यायालयाचे. निकालापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते. तोतयाने मत दिल्याचे तेथे सिद्ध झाल्यास ते मत बाद होऊन खऱ्या मतदाराचे प्रदत्त मत विचारात घेतले जाऊ शकते.

अशा एका मताचे मोल राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघाने दाखवून दिले. २००८ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे विजयी उमेदवारास ६२,२१६ व पराभूत उमेदवार सी. पी. जोशी यांना ६२,२१५ मते पडली. अंतर अवघ्या एका मताचे! पुढे प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन्ही बाजूंची मते समसमान झाली असती, तर चिठ्ठी टाकून निर्णय करावा लागला असता.

म्हणून मतदारांनी अशा प्रसंगी केंद्रावरून रिकाम्या हाताने परतू नये, आणि केंद्रावरील कर्मचाऱ्यांनीही 'तुमचे मत झाले' एवढे सांगून कोणास परत पाठवू नये. आज बंद पाकिटात राहिलेले मत उद्या न्यायाच्या तराजूत निर्णायक ठरू शकते.