गोवराचा पत्ता

हैदराबादेत बालरुग्णांना तपासताना एक माता 'गोवर' म्हणते, तेलुगू माता 'तट्टु' (मराठी माणसाला येथे घोडाच आठवावा!), तर उर्दूभाषक माता 'खसरा'. आपणांस तिन्ही शब्दांतून एकच आजार कळतो; संगणकाला मात्र ते तीन निरनिराळे शब्द होत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली मांडलेली 'लिंक्ड डेटा'ची तत्त्वे येथे उपयोगी पडतात. प्रत्येक वस्तूला वेबवर स्वतंत्र पत्ता द्यावयाचा आणि माहिती लहान विधानांत लिहावयाची : 'हे बालक – निदान – गोवर'. पत्ता सामायिक असला की दोन रुग्णालयांतील नोंदी परस्परांशी जोडता येतात. आयसीडी-१० मधील बी०५ हा गोवराचा संकेतांक अशा पत्त्याचा पाया होऊ शकतो.

खरा धोका नामसाम्यात आहे. 'जर्मन गोवर' म्हणजे रुबेला, बी०६. त्याचा विषाणू निराळा आणि गर्भावरील परिणाम भयंकर. या दोहोंत कोणी 'एकच' असा दुवा जोडला, तर संगणक तो निमूटपणे पुढे नेतो. मग केवळ गोवराची लस घेतलेली मुलगी कागदोपत्री रुबेलापासूनही सुरक्षित ठरते, आणि चूक उघडकीस येते ती कदाचित तिच्या गरोदरपणी.

नुसता संकेतांक वाचून हा घोटाळा आपल्यापैकी कोण ओळखील? म्हणून पडद्यावर संकेतांकाशेजारी आजाराचे नाव मराठी, तेलुगू व उर्दूत दिसावे. दुवा कोणी व केव्हा जोडला, हेही दिसावे. ती नावे जुळविताना अभियंत्याशेजारी एखादा डॉक्टर बसलेला असावा.