संगणकतज्ज्ञाचे परदेशगमन : एक विचार

वांगणी-बदलापूरच्या फलाटावर पहाटेच्या लोकलची वाट पाहणाऱ्या तरुणांमध्ये संगणक शिकणारेही असतात. त्यांच्या बोलण्यात परदेशातील नोकरीचा विषय हटकून निघतो. ही आकांक्षा मुळीच गैर नाही. मात्र हे दार केवळ आपल्या इच्छेने उघडत नसते. ते मालकाच्या गरजेने आणि त्या देशाच्या कायद्याने उघडते, आणि तसेच मिटतेही. म्हणून या वाटेचा पूर्वेतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ हे निर्यातक्षेत्र उभे राहिले. परकीय चलनाची टंचाई असल्याने, संगणक आयात करणाऱ्याने निर्यात करून डॉलर मिळवावेत, अशी त्या काळी अट असे. दूरसंचाराची साधने अपुरी होती. त्यामुळे पुष्कळदा प्रोग्रॅमरलाच ग्राहकाच्या दारी जावे लागे. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी बहुतेकांनी प्रारंभी अमेरिकेत जाऊनच काम केले. तात्पर्य, या व्यवसायात परदेशगमन प्रथम कामाची गरज म्हणून आले. प्रतिष्ठा त्याला मागाहून चिकटली.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेचा एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० होती. २००१ ते २००३ या काळात ती १,९५,००० झाली आणि २००४ मध्ये पुन्हा ६५,००० वर आली. पुढे तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० जागा वाढल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावणारा आदेश निघाला. या व्हिसासाठी अर्ज उमेदवार करीत नाही, मालक करतो. नोकरी सुटली तर साधारणपणे ६० दिवसांत दुसरी सोय करावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. पगाराचा आकडा ऐकताना ही अस्थिरताही हिशेबात धरली पाहिजे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने येथे विशेष लक्ष द्यावे. एच-१बीसाठी कामाशी संबंधित विषयाची पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो, निव्वळ बी. ए. पुरत नाही. जर्मनीने मात्र नोव्हेंबर २०२३ पासून, पदवी नसली तरी तीन वर्षांचा तोलाचा अनुभव असलेल्या संगणक व्यावसायिकांना ‘ब्लू कार्ड’ची वाट खुली केली आहे. तेथेही ठरावीक पगाराची नोकरी आधी हाती असावी लागते. म्हणजेच ऐरोलीला किंवा पुण्याला केलेली तीन वर्षांची प्रामाणिक नोकरी ही परदेशाची पहिली पायरी ठरू शकते.

या वाटेवर लुबाडणारेही बसलेले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने तरुणांना जाहीर इशारा दिला होता. थायलंडमध्ये संगणकाशी निगडित नोकरी देतो असे सांगून अनेकांना बेकायदा म्यानमारमध्ये नेण्यात आले व तेथे डांबून ठेवण्यात आले. म्हणून काही नियम ध्यानात ठेवावेत. पर्यटक व्हिसावर नोकरीला जाऊ नये. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार एजंटाला परवाना लागतो. तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक घेता येत नाही. लाखो रुपये मागणाऱ्यासाठी आईचे दागिने गहाण टाकण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करावी.

मित्रहो, कायदे बदलतात, शुल्के वाढतात, कंपन्या माणसे कमी करतात. अंगी बाणलेले कौशल्य, इंग्रजीबरोबर आणखी एखाद्या भाषेचे ज्ञान आणि करारपत्र वाचून मगच सही करण्याची सवय, एवढी शिदोरी मात्र कोणी हिरावून घेत नाही. ती बांधण्यास पारपत्र लागत नाही. ज्याने ती बांधली, तो दार उघडेल तेव्हा तयार असेल. आणि न उघडले तरी त्याचे श्रम वाया जाणार नाहीत.