‘रेबेका’ : भुताशिवाय झपाटलेलं घर

ईशा : मावशी, धारपांची घरातली सगळी पुस्तकं वाचून झाली. आता भीती वाटेल असं काय वाचू?

मावशी : ‘रेबेका’ वाच. डॅफ्नी द्यू मोरिए या इंग्रज लेखिकेची, १९३८ सालची कादंबरी.

ईशा : रेबेका म्हणजे भूत?

मावशी : मॅक्सिम दे विंटरची मेलेली बायको. संपूर्ण कादंबरीत ती एकदाही समोर येत नाही, ना जिवंत, ना भूत होऊन. तरी मॅंडरलीच्या त्या अवाढव्य वाड्यात सत्ता तिचीच. टेबलावर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, रुमालावर तिचं अक्षर भरलेलं, जेवणात काय करायचं तेही तिच्या पद्धतीने. आणि या घरात मॅक्सिम दुसरी बायको आणतो. मॉन्टे कार्लोत एका श्रीमंत बाईकडे पगारी सोबतीण म्हणून राहिलेली, लाजरीबुजरी पोर. गोष्ट तीच सांगते.

ईशा : तिचं नाव काय?

मावशी : शेवटपर्यंत कळत नाही. मेलेलीचं नाव पुस्तकाला, आणि जिवंत आहे तिला नावच नाही! लेखिकेचा खरा डाव हाच. लोक हिला प्रेमकथा म्हणत, ते तिला मुळीच पटायचं नाही. तिच्या मते ही मत्सराची गोष्ट. ही मुलगी सवतीला मनातल्या मनात रचत जाते. कोणी अर्धं वाक्य बोललं की उरलेलं हिने पुरं केलंच. वाचता वाचता आपणही तेच करायला लागतो.

ईशा : म्हणजे सगळे मनाचे खेळ?

मावशी : नाही गं. वाड्याची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स आहे ना! रेबेकाची खोली होती तशी राखणारी. आवाज न चढवता समोरच्याचं काळीज गोठवते. मोठं घर, बंद दालन, धन्याचं गुपित हा सरंजाम जुनाच, १८४७च्या ‘जेन एअर’मध्येही तो आहे. पण डॅनव्हर्सबाईंची सर कुणाला नाही.

ईशा : हिचकॉकचा सिनेमा यावरच ना?

मावशी : हो, १९४०चा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं त्याला. पण हॉलिवूडच्या तेव्हाच्या सेन्सॉर नियमांपायी कथेतली एक कळीची गोष्ट बदलावी लागली. कोणती ते सांगत नाही. हिंदीत १९६४ साली ‘कोहरा’ आला. वहिदा रेहमान नवी नवरी, आणि डॅनव्हर्सच्या जागी आपल्या येवल्याच्या ललिता पवार.

ईशा : वा! आणि तो वाडा खरा आहे का?

मावशी : कॉर्नवॉलमधल्या मेनाबिली नावाच्या घरावरून बराचसा सुचलेला. गंमत म्हणजे लिहायला सुरुवात केली तेव्हा बाई होत्या इजिप्तमध्ये. नवऱ्याची लष्करातली नेमणूक अलेक्झांड्रियाला होती. तिथल्या उकाड्यात बसून त्यांनी कॉर्नवॉलचं धुकं आणि पाऊस लिहिला. घराची ओढ लागल्याशिवाय इतकं ओलं वर्णन होत नाही, असं आपलं माझं मत.

ईशा : कंटाळवाणं काहीच नाही?

मावशी : आहे की. सुरुवात संथ आहे, आणि त्या मुलीचा बुजरेपणा कधी कधी डोक्यात जातो. फॅन्सी ड्रेसच्या मेजवानीपर्यंत दम धर. तिथून पुस्तक खाली ठेववत नाही. फक्त एक कर, आधी पुस्तक वाच, मग दोन्ही सिनेमे बघ. आणि शेवट कुणाला विचारू नकोस, मलासुद्धा!