विम्याचे पैसे अर्धेच परत आले? हिशोब मागा!



या महिन्याचा धडा आहे कर्जासोबत गळ्यात पडणाऱ्या विम्याचा.

समजा, सेलूच्या एका ताईने शेळ्यांसाठी दोन वर्षांच्या मुदतीचं ४०,००० रुपये मायक्रोफायनान्स कर्ज घेतलं. हातात आले ३८,८००. "१,२०० विम्यात गेले ताई, तो घ्यावाच लागते," असं सांगितलं गेलं. ताईने पॉलिसी मिळाल्यावर महिनाभरातच ती रद्द करायला अर्ज दिला. परत आले फक्त ७८०. वरून 'हिशोब पूर्ण मिटला' या कागदावर सही मागितली. आपण म्हणतो, "जाऊ दे वं, भेटले तेवढे भेटले." इथंच आपलं चुकते.

नियम काय सांगतो?
रिझर्व्ह बँकेच्या मायक्रोफायनान्स नियमांप्रमाणे, कर्जासोबत विमा द्यायचा तर कर्जदाराची पूर्ण संमती लागते. त्याचे पैसे कर्ज-कार्डावर स्पष्ट लिहावे लागतात, तेही आपल्याला समजेल अशा भाषेत.

कपात किती?
पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. तेव्हा कंपनी तीनच गोष्टी कापू शकते: जेवढे दिवस विमा चालला त्याचे पैसे, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क. दोन वर्षांचे १,२००, म्हणजे महिन्याचे साधारण ५० रुपये. मग ४२० कापले कशाचे? शिवाय त्या १,२०० वर कर्जाचं व्याजही लागलं, तेही विचारा.
३० दिवस उलटले तरी, न विचारता विमा माथी मारल्याची तक्रार करता येते.

काय करायचं?
१. 'हिशोब मिटला' या कागदावर सही करू नका. पैसे घेतले तर पावतीवर लिहा: "ही अर्धवट रक्कम आहे, बाकीची मागणी कायम आहे."
२. संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. प्रत्येक रुपयाच्या कपातीचं कारण मागा. पोच घ्या. कर्ज-कार्डाची झेरॉक्स जोडा.
३. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर कर्ज देणाऱ्या संस्थेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करा. माहितीसाठी १४४४८ वर फोन लावा. विमा कंपनीची तक्रार विमा नियामकाच्या १५५२५५ वर करता येते. तिथंही भागलं नाही तर विमा लोकपाल आहेत. लोकपालाकडे फी लागत नाही.
४. तक्रार चालू असताना कर्जाचा हप्ता थांबवू नका. नाहीतर सिबिल खराब होते.

विमा वाईट नाही. घरावर वाईट वेळ आली तर तोच कामी येतो. पण तो समजून, आपल्या मर्जीने घ्यायचा.

बैठकीचा अभ्यास: पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपलं कर्ज-कार्ड आणावं. मंजूर किती, हातात किती, विम्यात किती, हे तिन्ही आकडे मोठ्याने वाचावेत. जिचा हिशोब जुळत नाही, तिचा अर्ज गटाने तिथंच बसून लिहावा. एकटीने विचारायला भीती वाटते, दहाजणी मिळून विचारू!