आईचे पान

गिरगावातील वाड्यांची नावे तुम्ही कधी लक्षपूर्वक ऐकली आहेत काय? फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी! 'वाडी' म्हणजे बाग. आज तेथे चाळी आणि उंच इमारती उभ्या आहेत. तथापि नावांतून फळझाडांची आठवण अजून उरली आहे. फणसवाडीतून सकाळी चालत गेले, म्हणजे भाजीवालीच्या टोपलीत मेथी, माठ, पालक, चवळी यांच्या हिरव्यागार जुड्या दिसतात. "आज पुन्हा पालेभाजी!" असे म्हणून नाक मुरडणारी मुले घरोघरी असतात. परंतु त्या जुडीत कोणते धन दडलेले आहे, हे शोधण्यासाठी एका विदुषीने पुष्कळ कष्ट घेतले. तिच्या शोधाचा आरंभ ह्याच मुंबईत, परळ येथे झाला. ती हकीकत आज आपण वाचू.

परळला हाफकीन संस्था आहे. प्लेगची लस तयार करणारे शास्त्रज्ञ डॉ. हाफकीन यांची प्रयोगशाळा 1899 साली तेथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि 1925 साली त्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. 1928 साली इंग्लंडहून डॉ. लूसी विल्स मुंबईस आल्या आणि ह्या संस्थेत संशोधन करू लागल्या. त्या वेळी त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. त्यांच्यापुढील प्रश्न मोठा गंभीर होता. मुंबईतील गरीब वस्त्यांत आणि गिरणकामगारांच्या कुटुंबांत, बाळंतपणापूर्वीच अनेक स्त्रियांना भयंकर पांडुरोग होत असे. चेहरा पांढराफटक पडे, चार पावले चालताच धाप लागे आणि कित्येक माता बाळासह मृत्युमुखी पडत.

हा रोग कोणत्या जंतूमुळे होतो, हे पाहण्याचा प्रयत्न प्रथम झाला. तेव्हाच्या वैद्यकाची दृष्टी जंतूंकडे वळलेली होती, आणि ते स्वाभाविकही होते. पटकी, प्लेग, क्षय ह्या रोगांचे जंतू सापडले होते. परंतु ह्या पांडुरोगाचा जंतू काही केल्या सापडेना. तेव्हा विल्सबाईंनी निराळा प्रश्न विचारला, "ह्या स्त्रिया खातात तरी काय?" चौकशीअंती असे आढळले, की ज्यांच्या जेवणात ताज्या भाज्या, फळे आणि दूध यांना जवळजवळ स्थानच नव्हते, त्यांना हा रोग अधिक होई. शरीरात काही शिरल्यामुळे जसा रोग होतो, तसा काही न मिळाल्यामुळेही होतो, हे सूत्र त्यांच्या हाती आले.

येथे आपण थोडे थांबू आणि अन्न शरीरात काय करते ते पाहू. कापडाच्या गिरणीची कल्पना करा. यंत्रे चालण्यासाठी इंधन लागते. त्याचप्रमाणे आपल्याला चालण्याबोलण्याची शक्ती मुख्यतः भात, भाकरी, पोळी यांतील पिष्टमय पदार्थांपासून आणि तेलतुपातील स्निग्ध पदार्थांपासून मिळते. यंत्राचा झिजलेला भाग बदलावा लागतो. शरीराची झीज भरून काढण्याचे आणि वाढीचे काम डाळी, दूध, अंडी, मासे यांतील प्रथिने करतात. पण इंधन असले, सुटे भाग असले, तरी वंगणाचे दोन थेंब नसतील तर चात्या अडतात. जीवनसत्त्वांचे आणि लोहासारख्या खनिजांचे स्थान शरीरात असेच आहे. त्यांचे प्रमाण अत्यल्प. मात्र ती नसतील तर पोटभर जेवणारा मनुष्यही आजारी पडतो.

विल्सबाईंनी प्राण्यांवर प्रयोग केले. आजारी स्त्रियांच्या आहारासारखे निकृष्ट अन्न माकडांना दिले असता त्यांनाही पांडुरोग झाला. पुढे यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे दिसून आले. यीस्ट म्हणजे पाव फुगवण्यासाठी वापरतात ते किण्व. त्याचा 'मार्माईट' नावाचा काळसर, खारट अर्क इंग्लंडमध्ये पावाला लावून खात असत. तो रुग्ण स्त्रियांना देताच काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या आणि अंगात शक्ती येऊ लागली. यकृताचाही असाच उपयोग होत असे; परंतु ते पुरेसे विकत घेणे गरिबांना परवडणारे नव्हते. हा अर्क मात्र स्वस्त होता. 1931 साली विल्सबाईंनी आपला शोध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

अर्कातील नेमके कोणते द्रव्य हा गुण देते, हे तेव्हा कोणासही ठाऊक नव्हते. म्हणून त्याला 'विल्स घटक' म्हणत. 1941 साली अमेरिकेतील संशोधकांनी सुमारे चार टन पालकावर प्रक्रिया करून एक द्रव्य अगदी अल्प प्रमाणात वेगळे काढले. पानातून निघाले म्हणून, 'पान' ह्या अर्थाच्या 'फोलियम' ह्या लॅटिन शब्दावरून, त्याचे नाव 'फोलिक आम्ल' असे ठेवण्यात आले. विल्सबाईंच्या अर्कातील गुणकारी द्रव्य ह्याच जातीचे होते, हे पुढे उघड झाले.

हे द्रव्य काय करते? आपल्या रक्तातील तांबड्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. एक पेशी सुमारे 120 दिवस जगते. म्हणून निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी घडत असतात. एका पेशीपासून दोन पेशी होण्यासाठी फोलिक आम्ल अवश्य असते. ते नसेल तर पेशी नुसतीच फुगते, वेळेवर विभागत नाही. मग रक्तात मोठ्या पण थोड्या आणि अपक्व पेशी उरतात. त्यांना शरीरभर पुरेसा प्राणवायू पोहोचवता येत नाही. बाळ पोटात वाढत असताना मातेची गरज आणखी वाढते; कारण तेव्हा बाळाच्या सर्व शरीराची घडण चाललेली असते. तरीही ही गरज किती? एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील काही शे भाग रोज मिळाले म्हणजे पुरे!

पालेभाज्या, मूग, मटकी, हरभरा, शेंगदाणे यांत हे सत्त्व असते. परंतु ते पाण्यात विरघळते आणि फार वेळ शिजवल्याने नष्ट होते. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी. ती बेताने शिजवावी आणि शिजवलेले पाणी फेकून न देता आमटीत घालावे. आज गरोदर स्त्रियांना लोह आणि फोलिक आम्ल यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य मिळतात. सरकारी आणि अनुदानित शाळांतील सहावीपासूनच्या मुलामुलींना ह्याच दोन द्रव्यांची निळी गोळी आठवड्यातून एकदा देण्याची योजना आहे. त्या छोट्या गोळीच्या मागे परळच्या प्रयोगशाळेतील ते कष्ट आहेत.

मुलांनो, आपल्या भाषेत झाडाच्या पानाला 'पान' म्हणतात आणि वाढलेल्या ताटालाही 'पान' म्हणतात. आपल्या पुष्कळ घरांत अजून एक रीत दिसते. सर्वांची जेवणे झाल्यावर आई शेवटी पान मांडते. तोवर भाजीचे पातेले बहुधा रिकामे झालेले असते. उरला भात आणि तळची आमटी एवढ्यावर ती जेवण आटोपते. "मला एवढे पुरे," असे ती हसून म्हणते आणि आपणही ते खरे मानतो. डॉ. विल्स यांनी शंभर वर्षांपूर्वी जो प्रश्न विचारला, तो आज रात्री आपल्या घरी विचारून पाहा : आईच्या पानात काय आहे? भाजी कमी असेल तर वाटणी सर्वांची सारखी करा. आणि शक्य असेल तर आईला आपल्या पंक्तीलाच बसवा.

स्वाध्याय

1. पांडुरोगाचे कारण शोधताना डॉ. विल्स यांनी कोणता निराळा प्रश्न विचारला? तो का विचारावा लागला?
2. पाठात शरीराला गिरणीची उपमा दिली आहे. इंधन, सुटे भाग आणि वंगण यांच्या जागी कोणकोणती अन्नद्रव्ये येतात ते लिहा.
3. 'फोलिक आम्ल' हे नाव कसे पडले?
4. 'पान' ह्या शब्दाचे आणखी अर्थ शोधा आणि प्रत्येक अर्थाचे एक वाक्य लिहा.
5. एक आठवडाभर घरातील प्रत्येकाच्या पानात काय काय वाढले जाते याची नोंद ठेवा. नोंदीवरून काय दिसते, ते दहा ओळींत लिहा.