पुस्तके आणि चर्मपत्रे

शास्त्रपाठ : यिर्मया ३६, लूक १:१-४, प्रेषितांची कृत्ये १९:१८-२०, २ तीमथ्य ४:९-२१



पौल कैदेत आहे, मरण समोर दिसत आहे, सोबती एकेक करून निघून गेले आहेत, आणि हिवाळा तोंडावर आला आहे. अशा वेळी तो तीमथ्याकडे काय मागतो? त्रोवसात कार्पाच्या घरी राहिलेला झगा, पुस्तके, आणि पुस्तकांतही विशेषेकरून चर्मपत्रे. झग्याचे कारण सहज कळते. पण ज्याचे थोडेच दिवस उरले त्याला पुस्तके कशाला हवीत, हा प्रश्न रविवारच्या शाळेत एखादे चुणचुणीत मूल विचारीलच, आणि शिक्षकाने त्याला गप्प बसवू नये. आमचे लक्ष मात्र त्या 'विशेषेकरून' या शब्दाकडे जाते. पौलाने सगळीच पुस्तके सारख्या मोलाची मानली नाहीत. काही आणलीस तर बरे, आणि काही आणल्यावाचून येऊ नकोस, असा भेद त्याने केला. आपल्या मंडळ्यांत नेमका हाच भेद करण्याचा संकोच वाटतो. धार्मिक विषयावरचे पुस्तक म्हटले की ते चांगलेच, त्याविरुद्ध बोलणे म्हणजे जणू पाप! या पाठात आम्ही तो संकोच थोडा बाजूला ठेवणार आहोत.

हा विषय बोरगाव, सौंसर, पांढुर्णा या बाजूच्या मराठी कुटुंबांना अधिक लागू आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर एका राज्यात गेले आणि छिंदवाड्याचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. पुढे २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य बदलले, जिल्हा बदलला, तरी घरातली बोली नागपूरकडचीच राहिली. मुलांची शाळा मात्र बहुतेक हिंदीतून, नाहीतर इंग्रजीतून. लिपी एकच असल्यामुळे मूल मराठी शास्त्र अडखळत वाचते, पण 'आहे' आणि 'आहेत' यांतला फरक त्याला कानाने कळतो, डोळ्याने कळत नाही. अशा घरात कपाटातील मराठी पुस्तके म्हणजे आजी आणि नातू यांच्यामधला पूल होय. हा पूल कोणत्या पुस्तकांचा बांधायचा हे ठरवणे मंडळीचे काम आहे, कारण जागा थोडी, पैसा थोडा, आणि मुलाचे मराठी वाचनाचे वय त्याहून थोडे.

प्रथम पवित्र शास्त्राविषयी. यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात एका पुस्तकाची सगळी कथा आली आहे. यिर्मया सांगतो, बारूख शाईने लिहितो, मंदिरात वाचतो, सरदार ऐकून घाबरतात, आणि शेवटी ती गुंडाळी यहोयाकीम राजापुढे जाते. राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसलेला. तीनचार रकाने वाचून झाले की तो लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. असे करत सारी गुंडाळी जाळून टाकतो. मग काय झाले? बारूख पुन्हा लिहावयास बसला, आणि दुसऱ्या गुंडाळीत पहिलीतले सर्व लिहून वर आणखी भर पडली. शिक्षकांनी येथे थांबून मुलांना विचारावे की राजाला गुंडाळीची भीती का वाटली. ज्या पुस्तकाने कोणाच्याही सिंहासनाला धक्का लागत नाही ते जाळण्याची तसदी कोण घेईल? शास्त्राची थोरवी आपण सोनेरी कडांवरून आणि चामडी वेष्टनावरून मोजतो. यहोयाकीमाने ती अधिक बरोबर मोजली होती.

आपल्या भाषेत हे शास्त्र आयते आले नाही. विल्यम कॅरी यांनी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे मराठी नवा करार १८११ साली मोडी लिपीत छापला. त्या कामी त्यांना साहाय्य करणारे वैजनाथ पंडित नागपूरचे. म्हणजे मराठीतल्या या पहिल्यावहिल्या छापील नव्या कराराला नागपूरकडचा कान लाभला होता, हे बोरगावकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण भाषांतर म्हणून ते टिकले नाही. १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर हाती घेतले आणि त्यांचा नवा करार १८२६ साली छापून झाला. त्यानंतरही दुरुस्त्या होतच राहिल्या. काही बांधवांना 'जुने भाषांतर तेच खरे' असे वाटते. त्यांनी हा इतिहास पाहावा. आपण ज्याला जुने म्हणतो तेही कोणाचे तरी नवेच होते. आमचे मत स्पष्ट आहे : उपासनेत मंडळीच्या अंगवळणी पडलेले भाषांतर राहू द्यावे, पण ज्या मुलाची शाळा हिंदी आहे त्याच्या हाती सोप्या मराठीतले भाषांतरच द्यावे. न समजणाऱ्या शब्दांबद्दल आदर वाटतो हे खरे, पण यशयाचे पुस्तक वाचीत रथातून जाणाऱ्या कूशी अधिकाऱ्याला फिलिप्पाने जो प्रश्न केला तो आदराविषयी नव्हता, समजण्याविषयी होता.

पंडिता रमाबाईंनी तर खेड्यातल्या साध्या बायकांना समजावे म्हणून सगळ्या शास्त्राचे भाषांतर एकटीने केले. त्यासाठी त्या इब्री व ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ति मिशनात मुलींनी व स्त्रियांनी खिळे जुळवले, छपाई केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. त्यांचे संपूर्ण शास्त्र १९२४ साली बाहेर आले. आज फार थोड्या मंडळ्यांत ते वाचले जाते. मुळाला शब्दश: धरून राहण्याच्या हट्टामुळे काही ठिकाणी त्यांची मराठी अवघडली आहे, असे आम्हास वाटते. ज्या बायकांसाठी ते केले त्यांनाच ते काही जागी जड जावे ही दुःखाची गोष्ट; पण एका स्त्रीने एवढे काम उभे केले हे रविवारच्या शाळेतल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असले पाहिजे, आणि आज ते नाही.

आता शास्त्राखालच्या पुस्तकांकडे येऊ. येथे आम्ही नावे घेऊन बोलणार आहोत.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्या ख्रिस्ती घरात नाहीत त्या घराने इतर पुस्तकांची खरेदी थांबवून आधी ती आणावीत. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या बाईने लिहिलेले हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने निघाले आणि साऱ्या महाराष्ट्राने ते आपले मानले. त्यात भक्ती आहे, पण भक्तीचे प्रदर्शन नाही. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी कळल्यावर झालेले दुःख बाई लपवीत नाही, ताटातूट लपवीत नाही, आपली सोवळ्याची खोड कशी सुटली तेही हसत सांगते. आमच्या बऱ्याच साक्षींच्या पुस्तकांत पहिली दहा पाने अंधार आणि पुढची सगळी पाने उजेड असतो. खऱ्या माणसाचे आयुष्य असे पानांच्या हिशेबाने उजाडत नाही. लक्ष्मीबाईंचे उजाडले तेही हळूहळू, म्हणून तर ते पटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा संबंध या मुलखाशी जवळचा. नागपुरात त्यांचे वास्तव्य होते, आणि नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला व तो वाचण्याचा आग्रह केला. टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थबकले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाने त्यांना स्वतः लिहिलेले पुस्तक दिले नाही, मोठे विवेचन दिले नाही. जे वाचावयास हवे तेच दिले आणि वाद न घालता बाजूला झाला. पुस्तक भेट देण्याची कला हीच.

बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा मान आहे. मान द्यावा, पण गोष्ट म्हणून ते आज रंगत नाही हेही सांगावे. पात्रे बोलू लागली की प्रवचन सुरू होते. मात्र विधवांच्या छळाची जी वर्णने त्यात आहेत ती वाचताना आजही पुस्तक खाली ठेवून उठावेसे वाटते. तरुणांच्या अभ्यासमंडळाने ते दोन बैठकींत निवडक वाचावे. लहान मुलांना देऊ नये.

फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' रोमन पंथीयांचे म्हणून आपल्याकडे दुर्लक्षिले गेले. हा करंटेपणा आहे. १६१६ साली गोव्यात राशोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले, पुढे आणखी दोनदा छापले; आणि त्या तिन्ही छपाईंपैकी एकही प्रत आज हाती नाही. लोकांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्या मात्र राहिल्या, आणि त्यांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले. छापले म्हणजे टिकले असे ज्यांस वाटते त्यांनी यावर विचार करावा. ते टिकले कारण कोणाला तरी ते रात्र रात्र बसून उतरून घ्यावेसे वाटले.

यावरूनच आम्ही नाजूक भागाकडे वळतो. आज पुस्तक छापणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. संगणकावर मजकूर जुळवावा, शंभर प्रती काढाव्यात, मुखपृष्ठावर कबुतर आणि सूर्यकिरण घालावेत, झाले. निवृत्त बांधव, पाळक, शिक्षक आपली प्रवचने, गीते, आत्मकथा पदरच्या पैशाने छापतात. वर आय.एस.बी.एन. क्रमांक असतो, आणि त्यामुळे पुस्तकाला सरकारी पसंती मिळाली असा समज होतो. तो क्रमांक म्हणजे पुस्तक ओळखण्याची खूण एवढेच. तो आतल्या एका ओळीचीही हमी देत नाही. मग प्रकाशनाचा समारंभ, शाल, नारळ, दोन भाषणे. वर्षाने पाहावे तर गठ्ठे पलंगाखाली. आयुष्याची शिल्लक अशी पलंगाखाली जावी हे आम्हास पाहवत नाही, आणि मंडळीने समारंभात टाळ्या वाजवून नंतर पुस्तक न उघडणे हे तर त्याहून वाईट. हस्तलिखित घेऊन कोणी आला तर त्याला प्रेमाने खरे सांगणारी दोन माणसे प्रत्येक मंडळीत हवीत.

पण पदरमोड करून छापलेले ते सर्व हलके, असे म्हणणारास इतिहास ठाऊक नाही. रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे आपले इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फिया येथे स्वतःच छापून घेतले, मैत्रिणींच्या मदतीने खपवले, आणि त्याचा पैसा भारतातील विधवांच्या कार्यासाठी लावला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले. ख्रिस्ती वर्तुळाबाहेरचे उदाहरण द्यावयाचे तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' ही छोटी पुस्तिका १८८२ ची. ती जवळजवळ विसरली गेली होती. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा उजेडात आणली. या दोघींपाशी सांगण्यासारखे असे काही होते की जे न सांगता राहवत नव्हते. आणि लूकाकडे पाहा. आपल्याआधी पुष्कळांनी लिहिले आहे हे तो सुरुवातीलाच मान्य करतो, मग आपण सर्व गोष्टी मुळापासून शोधल्या हे सांगतो, आणि एका थियफिलासाठी लिहितो. ज्याला छापायचे आहे त्याने आधी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात : माझ्याआधीचे मी वाचले काय? मी शोध केला काय? माझा थियफिल कोण? तिसऱ्या प्रश्नाला 'सर्व जगासाठी' असे उत्तर आले तर छपाई लांबणीवर टाकावी. 'माझ्या नातवंडांसाठी' असे आले तर अवश्य लिहावे. सौंसरच्या बाजूला आपले घराणे केव्हा आले, कोणी पहिल्याने शास्त्र वाचले, आजीची गाणी कोणती, हे वहीत नीट अक्षरांत लिहिले तर त्या वहीची किंमत पुष्कळ छापील पुस्तकांहून जास्त होईल.

काही पुस्तके मात्र घरात ठेवू नयेत. प्रभूच्या आगमनाची तारीख काढून देणारी, आजाऱ्याला औषध थांबवावयास सांगणारी, आणि पैसे पाठविल्यास आशीर्वाद दुप्पट होईल असे म्हणणारी. अशी पुस्तके फुकट वाटली जातात, म्हणून ती पवित्र होत नाहीत. येथे कोणी इफिसाचा दाखला देईल. तेव्हा तो अध्याय नीट वाचावा : जादूटोणा करणाऱ्यांनी आपलीच पुस्तके आणून जाळली, दुसऱ्यांची नाहीत. त्यांची किंमत पन्नास हजार रुप्याची नाणी भरली, तरी ती विकून पैसा करण्याचा विचार कोणी केला नाही. शेजाऱ्याच्या घरातील ग्रंथाला हात लावण्याची परवानगी हा उतारा कोणालाच देत नाही; आपल्या कपाटातील वाईट पुस्तक रद्दीवाल्यामार्फत दुसऱ्याच्या घरी पाठविण्याचीही देत नाही.

शिक्षकांसाठी सूचना. पुढच्या रविवारी प्रत्येक मुलाने घरातले एक मराठी पुस्तक आणावे. शास्त्र, गीतपुस्तक, पंचांग, पाकक्रिया, काहीही चालेल. कोणत्याही पुस्तकाला हसू नये. प्रत्येकाने त्यातली पाच ओळी मोठ्याने वाचाव्यात आणि हे पुस्तक घरी कोण वाचते ते सांगावे. 'कोणी वाचत नाही' असे उत्तर आल्यास ते फळ्यावर तसेच लिहावे. मग यिर्मया ३६ वाचून घ्यावा. बारूखाचे काम मोठ्या मुलाला द्यावे, आणि राजाचे काम ज्याला सर्वांत जास्त हवे असेल त्याला. घरी जाताना मुलांनी आपापले पुस्तक आजीला किंवा आजोबांना दाखवून, ते घरात कधी आणि कोणाकडून आले हे विचारून यावे. उत्तरे वहीत लिहून आणावीत, मराठीत. शुद्धलेखनाच्या चुका शिक्षकांनी त्या दिवशी काढू नयेत.