अंग बाहेर येतंय? ऑपरेशनच्या आधी रिंगचं विचारा

ताईंनो, मावशींनो, कंबरदुखीवर आपण बैठकीत मोकळेपणाने बोलतो. पण 'अंग बाहेर येतं' हे ऐकू येतं ते बैठक संपल्यावर, चपला घालताना, हळूच कानात. म्हणून इथे लिहितेय.

बाळंतपणं, ओझं, जुनाट खोकला, कुंथणं, पाळी जाणं यांनी आतला आधार सैल पडतो. मग गर्भाशय किंवा लघवीची पिशवी खाली उतरते. संध्याकाळी जडपणा वाढतो. चाकणला कंपनीत आठ तास उभ्याने काम करणारीला हे वेगळं सांगायला नको. हा कॅन्सर नाही, आणि कुणाचं पाप तर नाहीच.

त्यावर पिशवी काढणं हा एकच उपाय नाही. (पिशवी काढल्यावरही अंग पुन्हा खाली येऊ शकतं.) पेसरी म्हणजे सिलिकॉनची मऊ रिंग. डॉक्टर तपासून माप ठरवतात आणि दुमडून आत बसवतात. ती आत उघडून अंग वर धरते. टाके नाहीत, भूल नाही, कामावर फार खाडे नाहीत. बसवल्यावर लगेच घरी निघू नका. तिथेच चाला, खोका, उकिडवं बसा, लघवीला जाऊन या. टोचली, निसटली तर माप बदलून मिळतं. नवऱ्याचं काय, असं एकीने विचारलं होतं. साधी रिंग असताना संबंध ठेवता येतात, किंवा आधी काढून ठेवता येते. काढायला, धुवायला, परत घालायला शिकूनच या.

मात्र ती विसरायची नाही. साधारण तीन ते सहा महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी हवीच. वर्षानुवर्षं राहिलेली रिंग आत रुतते. घाण वास, रक्त, दुखणं, लघवी अडणं, यातलं काही झालं तर तारखेची वाट बघू नका.

१९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५० बायकांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते. त्याआधी आतून तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. आपल्याकडे दवाखाने जवळ आहेत, तरी लाज तीच.

चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, नाहीतर पिंपरीचं वायसीएम किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय. 'मला रिंग पेसरी चालेल का? इथे नसेल तर कुठे मिळेल?' असं नाव घेऊन विचारा. काहींना ऑपरेशन लागतंच, ते टाळू नका. पण गटातून त्यासाठी कर्ज उचलण्याआधी हा प्रश्न झालेला असू दे.

एकटीने जायला संकोच वाटला तर मला सांगा, मी सोबत येईन. गटात कळणार नाही.